गवताला वळसा

वसंता गेल्याची बातमी आली तेव्हा मी त्याच्याच गवतावर झारीने पाणी घालत होते. त्याच्या ऑफिसातले एक सहकारी फाटकाशी येऊन उभे राहिले, आत येईनात. "खुर्चीतच कोसळला हो..." एवढंच ते बोलले. मी झारी टाकून धावले, पण त्या क्षणीही सरळ न जाता गवताला वळसा घालून गेले. आता महिना उलटला, तरी त्या वळशाचा मला राग येतो.

माझ्या या धाकट्या भावाचं गवताचं खूळ आईसाठी होतं. आई दिघाशीची, लहानपण सगळं बांधावरच्या गवतात अनवाणी गेलेलं. नारपोलीत आल्यापासून पायाखाली फरशी आणि कानाशी कापड विणणाऱ्या लूमची खडखड. हल्ली तर तिचे पाय सारखे भगभगायचे. दिवाळीनंतर वसंताने मामाच्या शेतावरून मातीमुळांसकट काढलेल्या हरळीच्या लाद्या आणून अंगणात बसवल्या. त्या अर्ध्यातच संपल्या, म्हणून उरलेल्या जागेत बी पेरलं. आणि साहेबांचं फर्मान सुटलं, की पहिली कापणी होईपर्यंत कोणी पाय ठेवायचा नाही. हाताने ढकलायचं एक जुनं गवत कापायचं मशीन त्याने कुठूनसं पैदा केलं, ओळखीच्या लूम फिटरकडून त्याला धार लावून घेतली आणि गोणपाटात गुंडाळून जिन्याखाली ठेवलं.

लाद्यांवरचं गवत भराभर वाढलं, बियांचं मात्र जावळासारखं विरळ. आई रोज विचारायची, उतरू का गवतावर. शेवटी मीच चिडले. म्हटलं, निदान अर्धं तरी कापून टाक, तेवढ्यावर चालेल ती. तो ऐकेना. मशीन वळवताना कोवळ्या बाजूला जाणारच, आणि आई एकदा उतरली की अर्ध्यावर थोडीच थांबणार आहे, म्हणाला. मग त्याने मला खाली बसवून बियांच्या बाजूचं एक पातं ओढायला लावलं. ते मुळासकट हातात आलं.

"बघितलंस? पातं तुटलं आणि मूळ जागेवर राहिलं, की कापायचं. तोवर नाही, ताई."

त्याला घरी आणलं तेव्हा माणसं अंगणात शिरू लागली. ओट्यावर कोरड्या डोळ्यांनी बसलेली आई तेव्हा पहिल्यांदा बोलली, "गवतावर नको. बी हाय तिथं." तिरडी गल्लीत बांधली. शेजाऱ्यांना विचित्र वाटलं असेल... वाटो.

परवा सकाळी मी त्या गवताशी उकिडवी बसले. बियांच्या बाजूचं एक पातं ओढलं, ते तुटलं. दुसरं ओढलं, तेही तुटलं. मूळ हललंसुद्धा नाही. आनंद व्हायला हवा होता, मला रडूच फुटलं. मग जिन्याखालून मशीन ओढून आणलं, गोणपाट सोडलं. त्याने चोपडलेलं तेल बोटांना लागलं. आईला म्हटलं, मूळ धरलंय आता, कापते, मग उतर तू.

आईने पाय लुगड्यात ओढून घेतले.

"वसंतानं सांगितलं का, काप म्हणून?"

मुठीतली तुटकी पाती मी तिला दाखवलीच नाहीत. मशीन पुन्हा गोणपाटात गुंडाळून ठेवलं. पाणी रोज घालते. गवत आता घोट्याच्या वर आलंय, आणि फाटकाकडे जाताना आम्ही दोघी अजून त्याला वळसा घालूनच जातो.