बेळगावचे पोलीस आणि माझी म्हैस

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि माझी गाभण म्हैस परराज्यात अडकली होती.

मध्य प्रदेशात, बोरगावच्या पुढं माझा संत्र्याचा बगीचा. धुऱ्याला, म्हणजे बांधालगत, नाला, नाल्यापलीकडं महाराष्ट्र. म्हैस चरत चरत तिकडं गेली. पलीकडच्या माणसानं ती बांधून घेतली आणि वर म्हणतो, "माझीच आहे." तिकडच्या ठाण्यात गेलो तर म्हणाले, म्हैस मध्य प्रदेशाची, तिकडं रिपोर्ट द्या. आमच्या सौंसरच्या ठाण्यात म्हणाले, म्हैस आता महाराष्ट्रात आहे, तिकडंच जा.

त्याच संध्याकाळी नात चिवडा खात परीक्षेचं मोठ्यानं वाचत होती. युरोपातले पोलीस. इंग्लंडचा साधा शिपाई बंदूक ठेवत नाही. फ्रान्सात शहराचे पोलीस वेगळे, खेड्याचे वेगळे.

मी विचारलं, "थे एकमेकाच्या हद्दीत जात नाई का?"

"जाते न, आबाजी. चोरामागं दुसऱ्या देशातबी घुसते, करारच आहे तसा. अन् एका ठिकानी तर पोलीस एकमेकाले काई सांगतच नोते. मंग सरकारनं साऱ्यायले एक केलं."

"जावाजावांसारखं. कुठं म्हनतं?"

तिनं तोंडातल्या घासासकट सांगितलं. मी ऐकलं ते बेळगाव.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन सौंसरच्या ठाण्यात गेलो. मोठ्या साहेबांसमोर उभा राहिलो.

"साहेब, बेळगावचे पोलीस सुधरले. तुमी कवा सुधरून राहिले?"

साहेबांनी पेन खाली ठेवला. "बेळगाव? बाबा, तिथला तर सीमेचाच तंटा मिटला नाही."

नातीनं बाही ओढली. "आबाजी, बेल्जियम!"

"तेच ते. जरा लांब आहे."

ठाण्यातला कारकून मुन्शी टेबलावर आडवा होऊन हसला. हसू दे. घास गिळून बोलावं हे पोरीनं शिकावं, मी कायले?

साहेब म्हणाले, "म्हैस नाल्याच्या अलीकडं आली की माझ्या हद्दीत. मग तिला कोण हात लावतो ते मी पाहतो."

"अन् तिले अलीकडं आनन कोन?"

"तुमचे बेळगाववाले."

मी रामराम न घालताच निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरकीच्या ढेपेचं घमेलं घेऊन नाल्याकाठी बसलो. पलीकडच्या माणसानं तिला चरायला सोडली तशी मी रोजची हाक दिली. तिनं मान वर केली आणि सरळ पाण्यात उतरली. तो मागून धावत काठापर्यंत आला.

"म्हाताऱ्या, ठाण्यात जातो मी!"

"जाय न. कोनत्या ठान्यात जाशीन?"

तो तिथंच विचार करत उभा राहिला. मी म्हशीला घमेलं चाटू दिलं आणि घरी आणून बांधली.