साडूंच्या शाळेतला दुसरा नंबर

फुकट मिळणाऱ्या वस्तूला माझ्या साडूंइतका घाबरणारा माणूस अख्ख्या ब्रिटनमध्ये दुसरा नसेल. आम्ही दोघं सख्ख्या बहिणींचे नवरे. मी ईलिंगला, ते मिल्टन कीन्सला. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं ही त्यांची नोकरी, आणि नोकरीतून उरलेल्या वेळात ते सरकारच्या चुका शोधतात. कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, उष्ट्याखरकट्यासाठी घरोघरी फुकट डबा वाटला, तेव्हा साऱ्या गल्लीत एकट्या साडूंनी तो परत नेऊन दिला. "आज डबा देतील, उद्या आत काय टाकलंत ते विचारतील!" डब्यात काय टाकायचं याची चित्रं झाकणावरच होती, ती त्यांनी मला पुरावा म्हणून दाखवली. स्टेशनवरच्या फुकट वायफायच्या अटी ते पहिल्या ओळीपासून वाचायला घेतात, आणि त्या संपायच्या आत गाडी येते. "फुकटाला मागून दोरी बांधलेली असते, साडूभाऊ. आपण वस्तू उचलली की ते दोरी ओढतात."

असा माणूस मुलीला सरकारी शाळेत, तेही फुकट, कसा घालणार? म्हणून नऊ वर्षांची रेवा घरीच शिकायची. अमेरिकेत काही ठिकाणी मुलांना घरी शिकवणाऱ्यांनाही सरकार शिक्षणाच्या खर्चासाठी व्हाउचर देतं, हे कळल्यापासून साडूंची झोप उडाली. "व्हाउचर घेतलं की विचारतील, कुठलं पुस्तक शिकवता? मग म्हणतील, आमचं शिकवा." इंग्लंडमध्ये असलं व्हाउचर त्यांना कोणी देऊ केलेलं नाही, पण त्यांचा नकार तयार आहे. जेवायला आलेल्या पाहुण्यांवर ते त्याची तालीम करतात. मी ती इतक्यांदा ऐकली आहे की मध्ये अडले तर पुढचं वाक्य मी सांगतो. त्यांची भीती अगदीच खुळी नाही, हेही खरं. पैसे देणारा आज ना उद्या जाब विचारतोच.

सरकारच्या जाचातून वाचवलेल्या या शाळेत मात्र नऊच्या ठोक्याला पितळी घंटा व्हायची. मग प्रार्थना, मग रांग. रांगेत एकटी रेवा. तिने युनिफॉर्म घालायचा, बाथरूमला जायचं तर हात वर करायचा, आणि वरच्या मजल्यावरून खाली यायला उशीर झाला तर कारण सांगायचं. मी एकदा म्हटलं, "अहो, यापेक्षा सरकार बरं!" तर साडू म्हणाले, "ही शिस्त आहे. सरकारने लावली असती तर तो जाच झाला असता." उन्हाळ्यात स्पोर्ट्स डे व्हायचा. मागच्या लॉनवर पांढऱ्या रंगाची रेघ मारून साडू स्वतः रेवाबरोबर पळायचे. मुद्दाम हरणं म्हणजे मुलीची फसवणूक, या तत्त्वापायी ते दर वर्षी जिंकायचे आणि रेवा दुसरी यायची.

यंदा साडूंकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी बायकोला घेऊन गेलो होतो. बायका आत, आणि आम्ही दोघे दाराशी त्यांचे बूट ओळीने लावत होतो. तेवढ्यात बेल वाजली. कौन्सिलच्या बाई! मुलीचं शिक्षण कसं चाललंय ते पाहायला आजच येणार हे साडूंना ठाऊक होतं, पण कायद्याने घरात घ्यावं लागत नाही म्हटल्यावर त्यांना दारातूनच वाटेला लावायचं त्यांनी ठरवलं होतं. साडूंनी उंबऱ्यावर उभं राहून घसा साफ केला आणि मागून माझी मेव्हणी कडाडली, "अहो, घरात हळदीकुंकू चाललंय आणि दारात आलेली बाई परत पाठवताय?"

यावर कुठल्याच कायद्यात उत्तर नव्हतं. बाई आत आल्या. त्यांना कुंकू लागलं, तिळगूळ मिळाला आणि वाण म्हणून स्टीलची वाटी हातात आली. वाटी उलटसुलट पाहून त्या संकोचून म्हणाल्या, "भेट घेतली तर मला ऑफिसात जाहीर करावी लागते. तसा नियमच आहे."

साडूंचा चेहरा असा उजळला की बस! "म्हणजे तुमच्याही वाटीला दोरी आहे?" असं म्हणत त्यांनी बाईंना खुर्ची दिली आणि स्वतः चहा आणायला गेले. सरकारमध्येही फुकटाला घाबरणारं माणूस आहे, याचा त्यांना कोण आनंद! बाईंनी वह्या पाहिल्या, गणिताचं कौतुक केलं आणि रेवाला विचारलं, "तुला आणखी काय करावंसं वाटतं?"

रेवाने उत्तर बाईंना दिलं नाही. साडूंकडे वळून ती मराठीत म्हणाली, "बाबा, मला एकदा थर्ड यायचंय. सेव्हन्थ पण चालेल. आपल्याकडे फक्त सेकंडच येता येतं."

  साडूंनी खालच्या आवाजात बाईंना विचारलं, "शाळेत घातली तर तुमच्या अटी काय?" बाई म्हणाल्या, "माझी काहीच अट नाही. घरी शिकवा किंवा शाळेत पाठवा, तुम्ही आईवडिलांनी ठरवायचं." साडू अडकले ते इथेच. अट असती तर नकार तयार होता.

ईस्टरनंतर रेवा शाळेत जायला लागली. शाळेचं जेवण तिच्या वयाला फुकट नसतं, तरी साडूंनी ते अजून घेतलेलं नाही; पोळीभाजीचा डबा जातो. जूनमध्ये शाळेचा स्पोर्ट्स डे झाला आणि तिचा फोन आला, "काका, मी सिक्स्थ आले!" एवढ्या आनंदाने पहिल्या आलेल्या कोणी मला कधी फोन केलेला नाही.

परवा कामानिमित्त सकाळीच साडूंकडे गेलो. नऊ वाजले तरी घर गप्प होतं. पितळी घंटा फडताळात गेली होती. साडू मागच्या लॉनवर होते, आणि गवतावर पांढरी रेघ ताजी मारलेली होती. मला पाहून ते ओशाळले.

"दर वर्षीची सवय हो. रेघ मारून झाल्यावर आठवलं," ते म्हणाले. "मी एकटा पळालो तर पहिलाच येणार. त्यात काय मजा?"

मी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि त्यांच्या शेजारी रेघेवर जाऊन उभा राहिलो.