एकाच टेबलावरचं थंड जेवण

पहाटे चार वाजून पन्नास मिनिटांनी दत्तप्रसाद खोबरेकरचा अर्धाअधिक कांदा चिरून झाला होता. दुबईतल्या अल क्वोज भागात, गोदामांच्या रांगेत एका केटरिंग कंपनीचं स्वयंपाकघर आहे. त्याच्या मागच्या भागात, वेगळ्या दाराआड, यहुदी धर्माच्या नियमांप्रमाणे कोशेर जेवण बनतं. दत्तप्रसाद तिथला मुख्य आचारी. मूळचा मालवणचा, वय सत्तेचाळीस, राहायला शारजात रोल्लाला, चौघांच्या खोलीत.

अमिरातीचा इस्रायलशी करार झाला, तिथून विमानं यायला लागली, तेव्हा हा विभाग उघडला. लग्नं, परिषदा, पर्यटकांचे गट. तेव्हा श्वास घ्यायला वेळ नसे. मग गाझाचं युद्ध सुरू झालं. ऑर्डरी आटल्या, कंपनीने निम्मी माणसं दुसरीकडे हलवली, आणि जी उरली ती दोघांचं काम एकट्याने ओढायला लागली. दत्तप्रसादचा डावा गुडघा त्याच वर्षी दुखायला लागला तो अजून दुखतोय.

विभागाचे नियम बरेच आहेत, पण सगळ्यांच्या वर एक: शिजवणारा कुणीही असो, विस्तव यहुदी माणसानेच लावायचा. त्यासाठी शेगडीच्या कडेला एक बारीक ज्योत रात्रंदिवस चालू ठेवलेली असते. ती सॅम्सन झिराडकर लावतात आणि आचारी बाकीचे बर्नर तिच्यावरून पेटवतात. सॅम्सन या विभागाचे धार्मिक देखरेख करणारे. ठाण्याचे, बेने इस्रायल या मराठी यहुद्यांच्या समाजातले, घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी. मुलगी इस्रायलमध्ये अश्दोदला असते. रॉकेटहल्ल्याचे भोंगे वाजले की ती नातवंडांना घेऊन जिन्याखाली बसते आणि सॅम्सन इथे फोन हातात धरून बसतात.

त्या गुरुवारी ज्योत विझलेली होती. आदल्या संध्याकाळी गॅसची तपासणी झाली होती, मुख्य कॉक बंद करून पुन्हा उघडला होता. दत्तप्रसादने खिशातला लायटर काढून ज्योत लावली आणि कांद्याकडे वळला. विचार केला असं नाही. त्याच्या घरी नवरात्रात अखंड दिवा असतो. तो वाऱ्याने गेला तर ज्याला आधी दिसेल त्याने गाजावाजा न करता पुन्हा लावायचा, अशी घरची रीत. हात त्या रीतीने गेला.

कांदा तपकिरी झाला, माशाच्या डोक्यांच्या पाण्याला उकळी आली, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण काय केलं.

दुसऱ्या कुठल्या दिवशी त्याने सॅम्सनना तिथल्या तिथे फोन केला असता. आजची ऑर्डर नबिलाची होती. नबिला जॉर्डनची, मूळ घराणं याफाचं, आता इस्रायलमध्ये असलेल्या जुन्या पॅलेस्टिनी बंदराचं. जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका छोट्या ऑफिसातून ती इस्रायली आणि पॅलेस्टिनी माणसांच्या बैठका घडवते. नेते नाहीत, पत्रकार नाहीत. यावेळी पाण्याचे इंजिनियर होते: विहिरी, पंप, समुद्रात जाणारं सांडपाणी बघणारे. मागच्या बैठकीत दोन स्वयंपाकघरांतून दोन ट्रॉल्या आल्या होत्या. एक गट एका खोलीत जेवला, दुसरा दुसऱ्या, आणि जेवणानंतर एक गट परत आलाच नाही. दुपारचं सत्र रिकाम्या खुर्च्यांसमोर संपलं. भांडी आवरायला गेलेल्या दत्तप्रसादला नबिला तिथेच बसलेली दिसली होती. न राहवून तो बोलून गेला, "मॅडम, नेक्स्ट टाइम ऑल पीपल, वन पॉट."

म्हणून आज सयादिये, म्हणजे तळलेल्या कांद्यातला मासे-भात. याफापासून गाझापर्यंत किनाऱ्यावर सगळे खातात. मासा हामूर, त्याला खवले असतात, त्यामुळे यहुद्यांना चालतो, आणि मासा म्हटल्यावर हलालचा प्रश्न येत नाही. हे त्याने बायकोला फोनवर सांगितलं तेव्हा कावेरी म्हणाली, "त्यांचं भांडण मिटवायला गेलायस तिकडे, की भात शिजवायला?"

सॅम्सन सहाला आले. रात्रभर झोप नसावी, डोळे सुजलेले. ज्योतीकडे नजर टाकली, ती जळत होती. "ठीक ना, दत्ता?" त्यांनी विचारलं. दत्तप्रसाद हो म्हणाला. सॅम्सन पालेभाजी तपासायला पलीकडच्या खोलीत गेले, पानापानावरचे किडे बघत बसले.

भाताला दम बसला. वास उत्तम सुटला होता. कुणाला कळणार आहे, असं त्याने स्वतःला दोनदा सांगून पाहिलं. जेवायला येणाऱ्यांत धर्माचं काटेकोर पाळणारे तिघेच. पण ते तिघे सॅम्सनच्या शब्दावर घास घेणार होते, आणि सॅम्सनचा शब्द त्याच्या मघाच्या 'हो'वर उभा होता. त्याने हात पुसले आणि पलीकडे जाऊन सांगून टाकलं.

सॅम्सननी हातातली कोथिंबिरीची जुडी खाली ठेवली.

"मी आलो तेव्हा भात कच्चा होता?"

"होता."

"तेव्हाच बोलला असतास तर मी विस्तव जरा कमीजास्त केला असता, चुलीत दोन लाकडं सारल्यासारखं, आणि तेवढ्याने नियमात बसलं असतं. आता शिजलं. आता ते तुझं जेवण झालं, कोशेर नाही, दत्ता."

"काका, कुणाला सांगायची काय गरज..."

"तू मला सांगितलंस ना? मग झालं. आता मला माहीत आहे."

रागावले नाहीत. रागवायला जोर लागतो, तो दोघांकडेही नव्हता. त्यांनी नबिलाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. तिने पहिल्यांदा दत्तप्रसादने विचारलं तेच विचारलं. सॅम्सननी तेच उत्तर दिलं. मग तिने विचारलं, दुसरं काय आहे. कालचं हुमुस होतं, म्हणजे वाटलेले छोले, कालच्या नीट लावलेल्या विस्तवावरचं. पाकिटातले पाव, ऑलिव्ह, काकडी-टोमॅटो, खजूर, डब्यातला टूना. परत शिजवायला ना मासा होता, ना वेळ.

दत्तप्रसादने सुचवलं की त्या तिघांना थंड द्यावं आणि बाकीच्यांना मासे-भात. नबिलाने ते तोडलं. नऊ ताटांत वाफाळता मासा आणि तीन ताटांत काकडी, म्हणजे पुन्हा दोन टेबलं. "खलास. सगळ्यांना काकडी," ती म्हणाली. आणि का, ते टेबलापाशी येऊन दत्ताने स्वतः सांगायचं.

मासे-भात अल क्वोजच्याच एका कामगार वसाहतीत गेला. तिथे तो दहाच्या आत संपला.

दुपारी जुमेरा लेक टॉवर्समधल्या बैठकीच्या खोलीत दत्तप्रसादने ताटं मांडली आणि मोडक्या इंग्रजीत सांगितलं: आग मी लावली, चूक माझी, गरम जेवण गेलं. नबिलाने अरबीत सांगितलं, दुसऱ्या कुणीतरी हिब्रूत.

पॅलेस्टाईनमधल्या नाब्लुसचा एक वयस्क इंजिनियर होता. त्याने विचारलं, काय होतं जेवणात? सयादिये, हामूरचं, असं कळल्यावर त्याने पावाचा तुकडा ताटात परत ठेवला. समोरच्या, डोक्यावर छोटी धार्मिक टोपी घातलेल्या इस्रायली माणसाला म्हणाला, "आमची जमीन घेतली, पाणी घेतलं. आता सयादियेही तुमच्या नियमाने गेलं."

टोपीवाला काकडी चिरत होता. त्याने मान वर केली नाही. "मलाही नाही मिळालं," तो म्हणाला.

कुणीतरी हसलं. नाब्लुसवाला हसला नाही, पण उठलाही नाही. जरा वेळाने त्याने हुमुसची वाटी पुढे मागितली आणि ती टोपीवाल्याच्या हातून त्याच्याकडे गेली. एक तरुण इंजिनियर मात्र उठला, खाली जाऊन शावर्मा खाऊन आला आणि आपल्या खुर्चीत बसला.

अडीचला दुपारचं सत्र सुरू झालं तेव्हा बाराच्या बारा जण खोलीत होते. पंपांच्या सुट्या भागांवरून ते पाचपर्यंत भांडले. ठरलं काहीच नाही. ट्रॉली घेऊन निघताना दत्तप्रसादला काचेतून नबिला दिसली; तिने सँडल काढून ठेवले होते आणि ती कुणाचं तरी बोलणं लिहून घेत होती.

परतीच्या गाडीत सॅम्सनचा फोन वाजला. मुलगी होती, आज तिकडे भोंगे नव्हते. त्यांनी फोन ठेवला आणि उद्याचं काम सांगायला घेतलं. आजच्या स्वयंपाकाने बाटलेली मोठी तीन पातेली चोवीस तास तशीच पडून राहणार, त्यानंतर ती उकळत्या पाण्यात घातल्याशिवाय वापरता येणार नाहीत. उद्या शुक्रवार, शब्बाथचं, म्हणजे यहुद्यांच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाचं जेवण सूर्यास्ताच्या आत शिजून बाहेर पडलं पाहिजे, आणि ते लहान भांड्यांत, दोन खेपांत करावं लागणार. त्यासाठी कंपनीची बस रोल्लाहून नेहमीच्या पावणेचारऐवजी सव्वातीनला सुटेल.