चिखलात उतरून मग बोली

बावीस वर्षांचा असताना मी बँकेच्या लिलावात बोली लावणाऱ्या प्रत्येकाला गिधाड म्हणत होतो, तेही छापून. ब्रह्मपुरीच्या बाजारात लोक माझ्या पत्रकांत भजी बांधून नेत.

तेव्हा एक लाकडाचा ठेकेदार बँकेला बुडवून पसार झाला. बँकेनं त्याची आमच्या गावची धानशेती लिलावात काढली, बोडीसकट. बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं. त्यावर मासे धरणाऱ्या ढिवरांची सात घरं जगत. नवा मालक त्यांना हाकलणार हे उघड होतं. मी त्यांच्यातल्या थोरल्या बाईकडे गेलो आणि गरजलो, "लिलावावर बहिष्कार!"

"बहिष्कारानं मासोळी भेटते का, भाऊ? आमी साती घरं मिळून घेऊन राह्यलो बोडी. चाल, उतर खाली."

वैशाख होता. बोडी वरून भेगाळलेली, कोरडी. बाईनं फावड्यानं पापुद्रा फोडला, कोपरापर्यंत हात घातला आणि एक मरळ मासा ओढून काढला. जिवंत! शेपटीनं त्यानं माझं तोंड माखलं.

"मरळ जितं हाये, म्हंजे खाली ओल हाये. बोडी गळत नाई. आता वाच नोटीस. पाणी येते तो पाट लिवला हाये का त्यात?"

लिहिला होता. नसता तर बोडी नुसता खड्डाच.

लिलाव शेतावरच झाला. शहरातला एक व्यापारी छत्रीखालून म्हणाला, "या खड्ड्याचे पैसे कोण देणार?" त्यानं फक्त शेताचा हिशेब धरला आणि लवकर थांबला. बाई थांबली नाही; शेत आणि बोडी तिच्याच बोलीवर सुटली.

बँकेची मालमत्ता घेणाऱ्यांनो, स्पष्ट सांगतो. सावलीत उभं राहून जमीन बघू नका. नोटिशीत काय नाही ते आधी शोधा. जमिनीवर आज कोण जगतं, त्याला विचारा. आणि तोच बोली लावत असेल तर मुकाट्यानं घरी जा!

"नाव कोणाचं लिहू?" बँकेच्या कारकुनानं बाईला विचारलं.

"साती जनींचं."

"एकच चालेल."

"कोणत्या नियमानं? दाखवा!" मी ओरडलो. त्यानं सगळी पानं उलटली. नियम सापडेना.

"तुले मासोळी खाऊ घालतो, पन आता गप ऱ्हाय. त्याले लिवू दे," बाई मला म्हणाली.

त्यानं सात नावं लिहिली. सातवी बाई अंगठ्याची शाई लुगड्याला पुसत, हसत बोडीत उतरली. बाकीच्या तिच्यामागून.