बिननावाचं कुलूप

फोरमननं सगळ्यांसमोर कुलपं वाटली. लाल, तळहातात मावतील एवढी. आमी तिघं शिकाऊ, दोन पोरं आन मी. पोरांच्या कुलपांवर त्यानं पांढऱ्या पेंटनं त्यांची नावं लिवली. माझी बारी आली तसा ब्रश थांबवला आन इचारलं, कुठली तू? मी म्हनलं, डोंगरकड्याच्या अलीकडं तांडा हाय, तिथली. नाव सांगायला तोंड उघडलं तवर त्यानं लिवून टाकलं होतं. तांडा.

पोरं हसली. फोरमन हसला.

मी बी हसले.

त्या दिवसापासून कारखान्यात माझं नाव तेच. ए तांडा, चहा सांग. ए तांडा, ग्रीस आन. आयटीआयत मी मशीन दुरुस्ती शिकले, वर्गात एकटी पोरगी होते, बेअरिंग काढून बसवायला मला कोनाची मदत लागत न्हाई. पण हाक आली की पळायचे. बराबर पळायचे.

कुलपाचं काय ते सांगते. मशीनमधी हात घालायच्या आधी मेन स्विच बंद करायचा, त्याला आपलं कुलूप लावायचं, किल्ली आपल्या खिशात ठेवायची. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं, दुसऱ्या कोनी न्हाई, मालकानं बी न्हाई. हे आमाला आयटीआयत शिकवलं, आन फोरमननं पहिल्या दिवशी परत घोकून घेतलं. मंग तिन्ही कुलपं त्यानं भिंतीवरच्या बोर्डावर टांगली. तपासणीवाले आले की दाखवायला. रोजच्या कामाला न्हाई, टाइम जातो म्हने.

कारखाना हळदीचा. पॉलिश झालेली हळकुंडं खालून वर न्यायला बादल्यांचा पट्टा हाय, आमी त्याला एलिव्हेटर म्हनतो. तो खाली तुंबतो. तुंबला की फोरमन बटन दाबून पट्टा थांबवायचा आन हाक मारायचा, बारीक हाताची बाई बोलवा रे.

बारीक हाताची बाई म्हंजी माझी याडी. माझी आई. आमच्या तांड्यावरच्या बाया टेम्पोनं या कारखान्यात येतात, माझ्या लई आधीपासून. याडी पालथी पडायची, खालच्या झरोक्यातून खांद्यापर्यंत हात घालायची आन हळकुंडं ओढून काढायची. हात कोपराच्या वर पिवळा. घरी भाकरी थापताना बी पिवळा.

एकदा तिचा हात आत असतानाच एका पोराचा धक्का बटनाला लागला. पट्टा हलला. बादलीच्या कडेनं तिच्या पोलक्याची बाही फाडून नेली. हात वाचला. सगळे हसले, फोरमन म्हनला आता नवं पोलकं घ्या मावशी.

आन याडी हसली. तिचं ते हसू बघितलं आन मला कळलं, मी कुठून शिकले.

मंग पुढच्या आठवड्यात परत तुंबला. गेटवर माल न्यायला गाडी उभी, शेठचा फोनवर फोन. याडी पालथी पडली, हात आत. मी बोर्डाकडं गेले, माझं कुलूप काढलं, स्विच बंद केला, कुलूप लावलं, किल्ली खिशात.

याडी ओढत होती पण निघंना. फोरमनला घाई. म्हनला, पट्टा चालू करून जरा झटका देऊन बघू, सुटंल. तो स्विचपाशी गेला आन त्याला कुलूप दिसलं.

"किल्ली दे."

"तिचा हात आत हाय, सर."

"काढेल ना ती. किल्ली दे."

"ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. तुमीच सांगितलं."

"तुझं नाव तरी आहे का त्याच्यावर?"

पोरं हसली. मी हसले न्हाई.

"नाव तुमी लिवलं न्हाई. पण किल्ली माझ्या खिशात हाय."

खालून याडी आमच्या बोलीत म्हनली, देऊन टाक बाई, माझ्यापायी कशाला. मी ऐकलं न्हाई. तिनं सगळी हळद काढली, हात बाहेर घेतला, पदराला पुसला. मंग मी कुलूप काढलं. गाडी उशिरा गेली. मी खूश. लई खूश, घरी जाताना टेम्पोत मीच बडबडत होते.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला न्हाई.

सगळ्या बाया भाकरी बांधून तांड्याच्या तोंडाशी उभ्या. ऊन वर आलं. मीच ड्रायव्हरला फोन लावला. तो म्हनला, तांड्यावरच्या बाया नको म्हनले कारखान्यावाले, आता दुसऱ्या गावाहून आनून राहिलो. तू ये, तुझं चालू हाय.

माझं चालू. काहून? माझ्या शिकाऊपणाचा सरकारी कागद हाय, मला काढायचं तर लिवून द्यावं लागते. बायांना काढायला टेम्पो न पाठवला की झालं. कुलूप मी लावलं, आन शिक्षा ज्यांचा कागद न्हाई त्यांना. हे मला आधी सुचायला पायजे होतं. मी शिकलेली ना? मलाच सुचायला पायजे होतं.

शेजारची काकी म्हनली, "तुझ्या याडीचा हात वाचला, बाई. आमच्या हाताचं काम गेलं." चिडून न्हाई, सरळ म्हनली. ते जास्त लागलं.

याडी चुलीपाशी बसल्यावर म्हनली, "मी काढला असता हात."

काढला बी असता कदाचित. रोज हेच डोक्यात. बाया आता कापूस येचायला लांब लांब पायी जातात, आन मी त्यांच्यासमोरून डबा घेऊन कारखान्याला. मान वर होत न्हाई. काकी अजून बोलत न्हाई. व्हय, माझ्यामुळंच. मी लपवून राहिले न्हाई.

पण कदाचितवर पट्टा चालू करायचा न्हाई, हेच तर माझं शिक्षण हाय.

फोरमननं मला झाडू दिला. मी झाडते. जेवायच्या सुट्टीत अक्षराचे पंच घेतले आन कुलपावर माझं नाव ठोकलं, एकेक अक्षर, लोखंडात. पेंटचा तांडा पुसला न्हाई. नाव त्याच्या खाली.

परवा एलिव्हेटर परत तुंबला. नव्या बाया त्या दिवशी आल्या न्हवत्या. फोरमननं आमच्यातल्या बारीक हाताच्या शिकाऊ पोराला आत हात घालायला लावला, सगळ्यात मोठ्यानं हसायचा तोच. तो पालथा पडला आन माझ्याकडं बघत राहिला. मी झाडू भिंतीला टेकवला. स्विच बंद केला, कुलूप लावलं.

"ए तांडा," फोरमन म्हनला.

"खाली नाव हाय, सर. वाचा."

बायांचं काम परत आलं न्हाई. हे ओझं माझं, ते मी कोनाला देनार न्हाई. पण मी हितंच राहनार, शिकून पूर्ण करनार, आन मी उभी हाय तवर त्या पट्ट्यात कुलपाशिवाय कोनाचाच हात जानार न्हाई. याडीचा न्हाई, त्या पोराचा न्हाई. फोरमनचा बी न्हाई.