जोत्यामागचं पाणी

आमचं जोतं भरून झालं तेव्हा अख्खी आळी ते बघायला आली. आमच्या वटार गावात त्या काळी नवं घर बांधणाऱ्याला लोक खोल्या किती, असं विचारत नसत. जोतं किती उंच, असं विचारत. शेजाऱ्यापेक्षा हातभर तरी वर पाहिजे, म्हणजे पाणी आपल्याकडे न थांबता त्याच्याकडे जातं. पुढं तो शेजारी बांधायला काढायचा तेव्हा आणखी हातभर चढवायचा. ही चढाओढ सगळ्यांनाच शहाणपणाची वाटे. माझ्या नवऱ्यानंही छाती फुगवून एकेकाला जोतं दाखवलं, घडीव दगड हातानं थोपटून दाखवले.

सासूबाईंनी मात्र जोत्याकडे पाठ केली. त्या मागच्या जुन्या घराकडे बघत बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्या बाजूचं पानी जानार कुठं?"

कुणी लक्ष दिलं नाही. कुणीतरी पेढे वाटत होतं.

आमची वाडी चिंचोळी आणि लांबट. पूर्वेला रस्ता, मध्ये जुनं कौलारू घर, मागे पश्चिमेला बावखल. बावखल म्हणजे वाडीत खोदलेलं तळं. पावसाचं पाणी त्यात उतरायचं आणि उन्हाळ्यात तेच केळीला, भाजीला मिळायचं. सासरे गेल्यावर वाटणी झाली तेव्हा धाकट्या दिरानं हट्टानं बावखलाची बाजू मागून घेतली. बागायती करणाऱ्या माणसाला पाण्यापुढे रस्त्याची काय किंमत? आमच्या वाट्याला रस्त्याची बाजू आली, ती नवऱ्यानं जरा नाराजीनंच घेतली होती. मग नालासोपाऱ्यात इमारतींवर इमारती उठल्या, आमचा रस्ता रुंद झाला, त्यावर खडी आणि डांबर चढलं, जमिनीचे भाव कुठल्या कुठे गेले. दिराला आपण फसलो असं वाटू लागलं. त्यानं येण्याजाण्यासाठी वाट मागितली, नवऱ्यानं वाटणीचा कागद दाखवला, आणि दोघा भावांचं बोलणं बंद झालं. त्यालाही सहा वर्षं झाली होती.

घर मात्र तेच. मधोमध तट्ट्याची भिंत, इकडे आम्ही, तिकडे दीर, जाऊ, त्यांची मुलं आणि सासूबाई. पलीकडे भाजीला फोडणी दिली की इकडे ठसका लागायचा, पण बोलणं नाही. काही सांगायचं झालं तर सासूबाई निरोप्यासारख्या इकडून तिकडे. मला हे अबोल्याचं नाटक कधीच मानवलं नाही. ठाण्याला माझ्या माहेरी भांडणं व्हायची ती मोठ्या आवाजात, आणि पानं वाढायच्या आत मिटायचीसुद्धा.

सासूबाईंचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मी नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, रस्त्याच्या गटारात सोडू की, त्यात काय. दुसऱ्या दिवशी गवंड्यानं लेव्हलची नळी धरली. पारदर्शक नळी, आत पाणी. एक टोक आमच्या अंगणात, दुसरं रस्त्याच्या गटाराशी. गटार आमच्या अंगणापेक्षा वर निघालं. नवऱ्यानं नळीवर टिचक्या मारल्या, हवा अडकली असेल म्हणून ती पुन्हा भरायला लावली. फरक पडला नाही. रस्ता इतका चढला होता की त्याचंच पाणी आमच्याकडे येणार होतं. उतार होता तो फक्त पश्चिमेला, जुन्या घराच्या बाजूनं बावखलाकडे. म्हणजे दिराच्या जागेतून.

आणि त्याच आठवड्यात बावखलाच्या पलीकडच्या काठावर मातीचे ट्रक येऊ लागले.

मागच्या मोकळ्या शेतातून, पाऊस पडेपर्यंत तिथून जायला हरकत नव्हती म्हणून, ते उलटे यायचे आणि सोपाऱ्यातल्या इमारतींचे पाये खणताना निघालेली माती काठावर ओतून जायचे. फुकटची माती. तिच्यात विटांचे तुकडे, प्लास्टिक, गंजकी तार. जावेनं तांदूळ निवडता निवडता तट्ट्यापलीकडून मला हळूच सांगितलं की पावसाच्या आत बावखल बुजवायचं ठरलंय. पुढच्या वर्षी त्यावर भाड्याच्या खोल्या.

सासूबाईंना जोत्याच्या दिवशी काय दिसलं होतं ते मला तेव्हा कळलं. पुढून आमचं जोतं, मागून त्याचा भराव, आणि मध्ये परातीच्या तळाशी बसावं तसं जुनं घर. नव्या घराच्या भिंतीसुद्धा पावसाच्या आत पुऱ्या होणार नव्हत्या. हा पावसाळा सगळ्यांना त्या परातीतच काढायचा होता, आणि सर्वांत सखल खोली सासूबाईंची होती.

मी नवऱ्याला म्हटलं, जाऊन बोला. तो म्हणाला, त्याला गरज असेल तर तो येईल. मी आईंचं नाव काढलं तर म्हणाला, खाटेखाली विटा घालू. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, घाला विटा, दोघं मिळून घाला, तेवढ्या निमित्तानं तरी एकमेकांची तोंडं बघाल. त्यावर तो आंघोळीला निघून गेला. आमच्या घरातले पुरुष हरले की आंघोळीला जातात.

मे महिन्याच्या शेवटी बावखलाचं पाणी तळाला जातं, तेव्हा गाळ काढायचा असतो. सासऱ्यांच्या वेळेपासूनची रीत अशी की ज्या ज्या घराचं पाणी त्यात उतरतं त्या त्या घरातलं एक तरी माणूस गाळात उतरलंच पाहिजे. आजूबाजूच्या वाडीतलेही यायचे. वाटणीनंतर आमच्याकडून कुणी गेलं नव्हतं. त्या वर्षी तर कुणीच जाणार नव्हतं. बुजवायच्या तळ्यातला गाळ कोण काढणार?

मी गेले. साडी खोचली, फावडं आणि घमेलं घेतलं आणि उतरले. गाळ गुडघ्यापर्यंत होता, पाय काढायला गेलं की तो मागे ओढायचा. वास असा की पहिली काही घमेली मी श्वास धरूनच वर टाकली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा जाऊ काठावर येऊन उभी राहिली. तिनं एकदा मागे घराकडे पाहिलं. मग चपला काढल्या, खाली आली आणि माझ्या हातातलं घमेलं घेतलं.

थोड्या वेळानं दीर आला. त्याच्या मागे ट्रक, इंजिन चालूच. त्यानं बायकोला वर यायला सांगितलं, तिनं मान वर केली नाही. मग तो माझ्याकडे वळला. "वयनी, भायेर या. गाडी उभी हाय."

मी सांगितलं की आमचं पाणी ह्यात येतं, म्हणून गाळ काढायला आलेय.

तो ओरडला असता तर मी दुप्पट ओरडले असते. पण तो ओरडला नाही. काठावर उकिडवा बसला आणि अगदी सावकाश म्हणाला, "रस्ता तुमाला नि डबकं मला. आता मी डबकं पन भरायचं नाय?"

त्याच्या मुलांना सायकल दुसऱ्यांच्या बांधावरून खांद्यावर टाकून न्यावी लागे. आदल्या वर्षी सासूबाईंना ताप चढला तेव्हा चौघांनी खुर्चीत बसवून त्याच बांधावरून नेलं होतं, आणि मी आमच्या कुंपणाआडून ते बघितलं होतं. माणूस खरं बोलतोय, आणि ते खरं आपल्याच घराविरुद्ध आहे, ह्याचा मला विलक्षण राग आला. त्या रागातच मी बोलून गेले.

"रस्ता देते. दक्षिणेच्या कडेनं, टेम्पो जाईल एवढा. त्याच्या बाजूला पाण्यासाठी चर. तुम्ही बावखल ठेवा."

तो म्हणाला, "तिथं तर तुमची पडवी हाय."

"होती," मी म्हटलं.

त्या पडवीसाठी मी घर बांधायचा हट्ट धरला होता. मी ब्लाउज शिवते. जुन्या घरात भर दुपारी बल्ब लावून शिवता शिवता माझे डोळे अधू झाले होते. दक्षिणेकडची पडवी, तिच्यात मशीन, आणि दिवसभर उजेड, एवढंच माझं त्या घरात मागणं होतं. जोत्याचा तेवढा भाग मी स्वतः पावलं टाकून मोजून घेतला होता.

दीर म्हणाला, "दादा देल?"

मी हो म्हटलं. मला तसा काही अधिकार नव्हता. त्यानं ड्रायव्हरला हात करून गाडी परत पाठवली आणि उद्या सकाळी ये म्हणून सांगितलं. म्हणजे माझ्या शब्दाला त्यानं एका सकाळची मुदत दिली होती.

संध्याकाळी नवरा कामावरून आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. कुणाला विचारून, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, तुम्ही कुणाशीच बोलत नाही, मी विचारू कुणाला? तो जेवला आणि बाहेर जोत्यावर जाऊन बसला. तट्ट्यापलीकडे भांड्यांचाही आवाज नव्हता. ती मंडळी ऐकत होती हे उघड होतं. मला भीती वाटत होती. त्यानं नाही म्हटलं तर दिरासमोर माझा शब्द मातीत, आणि बावखलही मातीत. आणि खोटं कशाला सांगू, पडवीचा मोह सुटत नव्हता ते वेगळंच. त्यानं नाहीच म्हणावं, असंही क्षणभर वाटून गेलं.

सकाळी तो माझ्याशी न बोलता चहा प्यायला. मी जावेबरोबर पुन्हा गाळात उतरले. काय होईल ते तिथंच होऊ दे म्हटलं. दीर काठावर उभा होता. ट्रक आला, उलटा वळून मागे मागे येत अगदी काठाशी थांबला. ड्रायव्हरनं मान बाहेर काढून विचारलं, ओतू का? दिरानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघून फावडं मारत राहिले, कारण वर बघितलं असतं तर मला रडू आलं असतं. ओत म्हणून खूण करायला त्याचा हात वर जाताना मला डोळ्याच्या कडेनं दिसला.

आणि पुढून, रस्त्याच्या बाजूनं, दगडावर पहार बसल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग पुन्हा एक.

खड्ड्यातून मला पुढचं काही दिसत नव्हतं, पण माझा नवरा घाव घालून दम घ्यायला थांबतो, हे मला माहीत होतं. त्याच्या भावालाही माहीत असणार. दीर मान वळवून ऐकत उभा राहिला. जोत्याचे दगड एकेक करून निखळत होते. मग त्यानं हात खाली घेतला, ड्रायव्हरशी दोन शब्द बोलला आणि गाडी गेली. तो चपला काढून खाली उतरला, माझ्या हातातलं फावडं घेतलं आणि म्हणाला, "वयनी, तुमी वर जावा."

चर दोघांनी दोन टोकांनी खणला. एक पुढून, एक मागून. जुन्या घराच्या कोपऱ्याशी, वळणावर, दोघांच्या कुदळी समोरासमोर आल्या. मला वाटलं, आता तरी बोलतील. नवऱ्यानं घाम पुसला, दिरानं विडी पेटवली, आणि दोघं आपापल्या टोकाला निघून गेले. मी कपाळाला हात लावला.

जुलैत पावसानं असं धरलं की दिवसरात्र सारखीच. रस्त्यावरचं पाणी चादरीसारखं अंगणात उतरत होतं आणि चरातून मागे जात होतं. एका दुपारी ते जायचं थांबलं. चर तुडुंब, अंगण भरलं, जुन्या घराची खालची पायरी बुडाली. सासूबाई खाटेवर पाय वर घेऊन दाराबाहेर बघत बसल्या होत्या. मी मशीन टेबलावर चढवून त्यांच्याजवळ येऊन उभी राहिले. दुसरी पायरी अर्धी बुडाली. नवरा डोक्यावर गोणपाट घेऊन वळणापाशी बांबूनं ढोसत होता. केळीचं खोड आडवं बसलं असावं. तो ढोसायचा, थांबायचा, बघायचा. पाणी हललं की नाही ते त्याला त्या टोकावरून कळेना. मागचं काही दिसत नव्हतं, नुसता पाऊस.

मग त्यानं मान वर केली आणि पावसात ओरडला, "तिकडं पोचतं का रे पानी?"

सासूबाईंनी माझं मनगट धरलं. पलीकडून उत्तर आलं नाही. कौलांवर पाऊस इतका वाजत होता की त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

"येतंय, दादा," बावखलाकडून आवाज आला. "सोड अजून."

सासूबाईंनी मनगट सोडलं तेव्हा त्यावर त्यांची बोटं उमटली होती. त्या पाण्याकडे बघत रडत होत्या. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, दोघांना चहा ठेव.

आमच्या नव्या घराला पडवी नाही. मशीन स्वयंपाकघराच्या खिडकीशी असतं, तिथून चर दिसतो आणि टेम्पो गेला की धूळ आत येते. सुईत दोरा ओवायला मला आजही दुपारचा दिवा लावावा लागतो. त्याचं मला वाईट वाटतं, आणि पाऊस लागला की वाटत नाही.