अकोल्यातला समुद्र आणि नानांची कळशी

घरात समुद्र पाळणाऱ्या माणसाकडे किस्से टँकच्या काचेवर शेवाळ जमावं तसे जमतात. खरडून काढले तरी आठवड्याभरात पुन्हा तेवढेच. त्यातून तो समुद्र अकोल्यात पाळला असेल तर मग विचारूच नका.

आमचा ग्रुप तिघांचा. मी अमरावतीची, ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. मूर्तिजापूरजवळच्या खेड्यात झेंडू-शेवंतीची शेती करणारे गजूभाऊ. आणि अकोल्याचे श्रीकांत वकील, ज्यांच्या हॉलमध्ये तो टँक आहे. साधे मासे आम्ही तिघंही पाळायचो. एक दिवस वकिलांनी ठरवलं की आता खाऱ्या पाण्याचा टँक करायचा, त्यात जिवंत प्रवाळ ठेवायचे. आम्ही दोघं लगेच सल्लागार झालो. खाऱ्या पाण्यातला मासा आम्ही तोवर फक्त मोबाईलवर पाहिला होता, पण सल्ला द्यायला ते पुरतं.

*

पहिला प्रश्न मिठाचा. या टँकसाठी खास मीठ मिळतं, मोठ्या बादलीत, सोबत मोजायचा पांढरा प्लास्टिकचा चमचा. गजूभाऊंना ते मीठ विकत घेणंच पटेना. त्यांचं गाव खारपाणपट्ट्यातलं. "आमच्या इहिरीच्या पाण्याले बैल तोंड लावत नाई. अन् तुमी मीठ इकत घेऊन राहिले?" असं म्हणून ते मूर्तिजापूरहून रेल्वेनं एक कॅन भरून घेऊन आले. डब्यातल्या लोकांनी विचारलं तर म्हणे, समुद्र हाय.

मी खारटपणा मोजायचं यंत्र काढलं, थेंब टाकला, पाहिलं, पुन्हा पाहिलं. "गजूभाऊ, समुद्रापुढे तुमची विहीर म्हणजे सरबत आहे."

गजूभाऊंनी कॅनचं झाकण घट्ट लावून टाकलं आणि म्हणाले, "म्हंजे इतके वर्षं आमी उगाच रडून राहिलो?"

*

मुंबईच्या ज्या दुकानातून प्रवाळ मागवले, तिथला मुलगा फोनवर फार गोड बोलायचा. सुरुवातीला सगळ्या दगडांवर तपकिरी थर चढला. तो प्रत्येक नव्या टँकमध्ये चढतो आणि आपोआप जातो, पण वकिलांचा धीर सुटला. त्यांनी फोन लावला.

"काळजी करू नका सर," मुलगा म्हणाला. "सरळ बीचवर जायचं, दोन कॅन ताजं पाणी आणायचं. तुम्ही कुठे राहता?"

"अकोल्याला."

मुलानं फोन दुकानाच्या मालकाकडे दिला.

*

आता नाना. नाना म्हणजे वकिलांचे वडील. सगळी हयात पंचक्रोशीत पूजा सांगत फिरलेले, त्यामुळे बोली अशी अस्सल की गजूभाऊ त्यांच्यापुढे पुणेकर वाटावेत. हात थरथरायला लागल्यावर त्यांनी पौरोहित्य सोडलं. मग काकू, म्हणजे वकिलांची आई, गेल्या आणि नानांनी बोलणंही जवळजवळ सोडलं. मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायचे. वकिलांनी डॉक्टर केले, तीर्थयात्रेचं तिकीट काढलं, कशाचा उपयोग झाला नाही.

टँक आला आणि नाना हॉलमध्ये आले. मऊ बोटांसारखे प्रवाळ पाण्यात हलताना बघत तासन्‌तास बसायला लागले. वकील मला फोनवर म्हणाले, "मॅडम, आता हे सगळं मेलं तरी चालेल असं मला म्हणता येणार नाही."

*

अकोल्याचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. पाणी तापू नये म्हणून वकिलांनी टँकवर पंखे लावले. पंख्यानं पाणी गार राहतं, पण उडूनही जातं, आणि मीठ मागे उरतं. म्हणून रोज वरून साधं, फिल्टरचं शुद्ध पाणी घालावं लागतं. हे मी वकिलांना समजावत होते तर मागून नाना म्हणाले, "म्हंजे महादेवाच्या पिंडीवर थेंब थेंब गळते ती गळती भरायची तसंच. मी भरत जाईन."

काकू गेल्यानंतर त्यांनी आपणहून मागितलेलं हे पहिलं काम. त्या दिवशी वकिलांनी आम्हाला बाहेर नेऊन रबडी खाऊ घातली, आणि कारण विचारल्यावर रडले.

नाना काम करायचेही असं की बघत राहावं. सकाळी आंघोळ, संध्या, मग थरथरत्या दोन्ही हातांनी हळूहळू पाणी. एक थेंब बाहेर नाही.

*

महिन्याभरात गोगलगायी पडायला लागल्या. काच साफ करायला सोडल्या होत्या, त्या एकेक करून उलट्या. मग प्रवाळांनी अंग आखडून घेतलं. मासे मात्र ठणठणीत, पोहताहेत, खाताहेत.

मी दर रविवारी अमरावतीहून पाणी तपासायच्या किटची पेटी घेऊन जायची. क्षारता बरोबर. कॅल्शियम बरोबर. नायट्रेट, फॉस्फेट, तापमान, सगळं बरोबर. वर्गात असा निकाल आला असता तर मी पहिला नंबर दिला असता. इथे एकेक प्रवाळ विरघळत होता आणि नाना खुर्ची आणखी पुढे सरकवून बसत होते.

"हे बाकीचे मरतीन का, बाई?" त्यांनी मला विचारलं.

"नाही नाना," मी म्हणाले. माझ्या शब्दावर माझाच विश्वास नव्हता.

*

उलगडा झाला तो संत्र्यांमुळे. गजूभाऊंच्या सासऱ्यांची संत्र्याची बाग आहे. मेलेली गोगलगाय हातात घेऊन गजूभाऊ सहज म्हणाले, "बागेत या लय चढतात. मंग आमी खोडाले मोरचूद अन् चुना फासतो. एक बी वर येत नाई."

मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. मी तो दर वर्षी मुलांना शिकवते. तांबं माशांना एका मर्यादेपर्यंत चालतं, गोगलगायीला आणि प्रवाळाला नाही. पण या हॉलमध्ये तांबं आणणार कोण?

मी वळून पाहिलं. टँकशेजारी पाटावर नानांची कळशी होती. तांब्याची, रोज चिंचेनं घासलेली, सोन्यासारखी लखलखीत. प्लास्टिकच्या कॅनमधलं पाणी नानांना अशुद्ध वाटायचं, म्हणून ते संध्याकाळीच कळशीत भरून ठेवायचे. रात्रभर तांब्यात मुरलेलं पाणी सगळ्यांत चांगलं, हे त्यांनी घरोघरी सांगितलेलं. मीही पितेच. गेल्या रविवारी मी त्या कळशीच्या चकाकीचं कौतुकसुद्धा केलं होतं.

तांब्याचं किट मागवलं, थेंब टाकले. रंग आलाच.

*

प्रश्न एवढाच की नानांना सांगायचं कसं. तुमच्याच हातून मेले, हे त्या हातांना सांगणार कोण? वकील म्हणाले, "मी सांगतो. युक्तिवाद माझ्यावर सोडा."

ते नानांसमोर उभे राहिले. खाकरले. "नाना, ही कळशी गळते आहे. दुरुस्तीला द्यावी लागेल. तोवर प्लास्टिकचा मग वापरा."

गजूभाऊंनी लगेच साक्ष दिली. "हो ना नाना, मी पाह्यली. टपटप गळून राह्यली."

कळशी काठोकाठ भरलेली होती. तिच्याखालचा पाट कोरडा ठणठणीत होता.

नानांनी पाटाकडे पाहिलं, वकिलांकडे पाहिलं, मग टँकमधल्या त्या आखडलेल्या प्रवाळांकडे बराच वेळ पाहिलं. कळशी मोरीत रिकामी केली, कोरडी पुसली, मुलाच्या हातात दिली आणि मागच्या खोलीत निघून गेले. मग ते हॉलमध्ये फिरकलेच नाहीत. पाणी वकील घालायला लागले, आणि बाहेर सांडायचं.

*

आम्ही पाणी बदलत राहिलो, तांबं शोषून घेणाऱ्या थैल्या सोडल्या. वकील कोर्टातून आले की आधी टँकपाशी आणि मग मागच्या खोलीच्या दाराशी उभे राहायचे. दोन्हीकडे सारखंच सामसूम.

मग एका सकाळी त्यांचा ग्रुपवर फोटो आला. एका प्रवाळाची बोटं उघडली होती. मी पहिली गाडी पकडली, गजूभाऊ मूर्तिजापूरला चढले. अकोल्यात घरात शिरलो तर वकील हॉलमध्ये नव्हते. देवघराच्या दारात नुसते उभे होते.

आत नाना संध्येला बसले होते. पण ताम्हण नव्हतं, पंचपात्र नव्हतं, पळी नव्हती. घरातलं तांब्याचं झाडून सगळं गेलेलं. समोर स्टीलची वाटी होती, आणि नाना आचमन करत होते ते मिठाच्या बादलीतल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या चमच्यानं.

संध्या संपली. मग वकिलांनी कसंबसं विचारलं, "नाना, तुमची पळी कुठे गेली?"

"गळून राह्यली होती," नाना म्हणाले, आणि गुडघ्यावर हात देत उठून, प्लास्टिकचा मग घेऊन टँककडे गेले.